पाव खाणाऱ्यांची नाडी

आमच्या आतोबांएवढा हॉटेलच्या धंद्याला वाईट माणूस भोर-वेल्ह्याच्या मुलखात दुसरा झाला नाही. साथीनं, महागाईनं, समोर उघडलेल्या दुसऱ्या हॉटेलानं माझं जेवढं वाटोळं केलं नाही, तेवढं या एका माणसानं माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पीत केलं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नात्यानं वडीलधारे, म्हणजे बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक असते तर केव्हाच दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं असतं.

माझं हॉटेल नसरापूरच्या फाट्यावर. एसटी तेव्हा नवी नवी होती. पुण्याहून भोरला जाणारी गाडी आमच्या दारात थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायचे, आणि त्यांचा चहा होईतो उतारूंना भूक लागायची. लागली नाही तर लागावी म्हणून गाडीचा भोंगा ऐकू आला की मी कांद्याची भजी तेलात सोडायचो. सकाळच्या गाडीच्या टपावरून पुण्याचे बनपाव टोपलीतून यायचे. गोल, फुगीर, वरून तांबूस. पाव मधोमध चिरायचा, आत चार भजी कोंबायची, लसणाची चटणी लावायची आणि खिडकीतून हातात द्यायचा. माझं सगळं घर त्या एका चिरेवर चाललं होतं.

आतोबा संस्थानच्या काळापासून भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर. संस्थान गेलं, पाठोपाठ आतोबांची नोकरी संपली, आणि त्याच थंडीत आमची आत्या गेली. मूलबाळ नाही. मी जाऊन त्यांची ट्रंक उचलली आणि म्हटलं, चार दिवस आमच्याकडे राहा. हॉटेलमागच्या खोलीत ते राहिले, आणि चार दिवसांचा हिशोब त्यांनी कधी केलाच नाही. इथवर माझी तक्रार नाही. पण जन्मभर या माणसानं पाव पाहिला तो फक्त आजाऱ्याच्या उशाशी. आमच्या भागात तशी रीतच. कुणी अंथरुणाला खिळलं की भेटायला जाणारा पाव घेऊन जायचा, आणि चहात बुडवलेला पाव तोंडात पडला की घरच्यांना बरं वाटायचं. त्यामुळे धडधाकट माणूस दिवसाढवळ्या उभ्यानं पाव खातोय हे आतोबांना बघवत नसे.

म्हणून ते विचारत. पाव घेतलेल्या प्रत्येकाजवळ जाऊन अगदी मायेनं विचारत, "काय होतंय तुम्हाला?" तो बिचारा म्हणे, काही नाही बुवा. "मग घरात कोण आजारी आहे?" कुणीच नाही म्हटलं की आतोबा त्याच्या मनगटावर बोटं ठेवून डोळे मिटत. एका हातात भजीपाव, दुसरा आतोबांच्या ताब्यात, अशी माझी गिऱ्हाइकं दारात ताटकळत. "जीभ दाखवा," आतोबा म्हणत. जिभेवर अर्धं भजं असे. एकदा कामथडीचा एक पैलवान एका बैठकीत सहा पाव खाऊन सातवा मागत होता. आतोबांनी त्याची नाडी पाहिली, मान हलवली आणि मला हाक मारून म्हणाले, "सदाशिवा, याच्या घरी निरोप धाड." पैलवान सातवा पाव तसाच टाकून घरी गेला आणि दोन दिवस उठला नाही.

बरं, नुसतं बोलून थांबतील तर ते आतोबा कसले! एका बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीत त्यांनी एक पाव उचलला, वाटीभर पाण्यात कुस्करला आणि त्या लगद्यानं जत्रेच्या तमाशाचा कागद माझ्या भिंतीवर चिकटवला. चार जणांना बोलावून म्हणाले, "ओढा." कागद निघेना. "मैदा म्हणजे खळ. हीच तुमच्या आतड्यांना आतून लागते." लोक हातातल्या पावाकडे बघायला लागले. मी कढईसमोर झारा धरून उभा. काय करणार, कपाळ!

मग त्यांनी पावाला पर्याय काढायचं मनावर घेतलं. आधी केला नाचणीचा पाव. आंबट ताकात पीठ भिजवलं, पत्र्याच्या डब्यात घालून खालीवर निखारे ठेवले, आणि तो फुगावा म्हणून सकाळभर त्याच्यासमोर बसून राहिले. तो काही फुगला नाही. सुरी त्यात शिरेना म्हणून एक फाट्यावरच्या कुत्र्यापुढे टाकला, तर कुत्र्यानं तो दोनदा हुंगला आणि चिंचेखाली खड्डा करून पुरला. मग तांदळाच्या भाकरीत भजी गुंडाळून पाहिली. पण ती थापायची पहाटे आणि गाडी यायची उन्हं वर आल्यावर. तोवर तिचा पापड व्हायचा, आणि चावलं की भजी उतारूच्या मांडीवर. "अहो, भाकरी तव्यावरनं पानात पडली तरच भाकरी," आमची मंडळी आतून ओरडायची. आतोबा म्हणत, "बाई, शास्त्राला वेळ लागतो."

शेवटी त्यांना सापडली पानगी. तांदळाचं आणि नाचणीचं पीठ सैलसर कालवायचं, पळसाच्या पानावर थापायचं, त्यात भजी दाबायची, वरून पुन्हा पीठ आणि दुसरं पान, आणि तव्यावर दोन्हीकडून भाजायचं. पान करपलं की सोलून टाकायचं, आत मऊ, वाफाळती पानगी. खरं सांगतो, वास छान सुटायचा. पण वासानं धंदा होत नाही. पहिल्याच दिवशी पुण्याकडे परत जाणाऱ्या गाडीतल्या एका काळ्या टोपीवाल्या गृहस्थांच्या हातात आतोबांनी ती फुकट ठेवली, आणि पान सोलायचं असतं हे सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर खाली उतरला तो चहा न घेताच माझ्यापुढे उभा राहिला.

"मालक, त्यो बाबा कात्रजचा घाट चढूस्तवर चावतच व्हता. शेवटाला मलाच इचारतोय, ह्यात काय घालत्यात म्हून! ह्ये म्हातारं आवरा. न्हाईतर उद्यापासनं आमची गाडी समोरच्या हाटेलाला लागंल."

गाडी समोर लागली तर माझी चूल विझली, हे कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या दिवशी मी नातं बाजूला ठेवलं. म्हटलं, "आतोबा, बास झालं. एक तर हॉटेल चालेल, नाही तर तुमचं शास्त्र."

आतोबा जरासुद्धा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पैज लाव. दिवाळीपर्यंत एका माणसानं, एकाच, पानगी खाऊन आपणहून दुसरी मागितली, तर मी जिंकलो आणि पानगी तुझ्या पाटीवर लागली पाहिजे. नाही मागितली, तर पुन्हा पावाला नाव ठेवणार नाही. मी मुकाट मागच्या खोलीत बसेन." मला काय, मी हो म्हणून टाकलं. आतोबा गप्प बसणार असतील तर मी नारळ फोडायलासुद्धा तयार होतो.

त्यानंतर ते रोज सहा पानग्या भाजत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसत. लोक पहिली खात, कारण फुकट होती. दुसरी कुणी मागत नसे. एक दिवस वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला एक म्हातारा धनगर आला. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. त्यानं पाव मागितला. आतोबा पुढे झाले. "काय होतंय तुम्हाला?"

"मला वो काय हुतंय? म्या ठणठणीत हाय," म्हातारा म्हणाला. "बकरं इकलं, आता पाव खातोय."

"पाव कशाला? ही पानगी घ्या. घरच्या भाकरीसारखी आहे."

म्हातारा हसला. "अवो, म्हून तर नगं! भाकर घरी हाय की. येताना म्हातारीनं फडक्यात बांधून दिलीया. वाटंवर इकत भाकर कोण खाईल? ज्याच्या घरी थापणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, त्यानं खावी."

तो सहज बोलला. त्याला काय ठाऊक! पाव खाल्ला, चटणीची तारीफ केली आणि गेला. आतोबांनी मात्र त्याची नाडी पाहिली नाही. तव्यावरची पानगी करपून काळी झाली तरी त्यांनी उलटली नाही. मीच झाऱ्यानं काढली. त्यांना काही बोलावं असं मनात आलं, पण नेमकी गाडी आली.

दसऱ्याच्या सुमाराला आतोबांना हिवताप भरला. थंडी वाजायची, अंग फणफणायचं, आणि उतरला ताप की नुसतं निपचित पडणं. गोळी घ्यायचे, कंपाउंडरच ते, पण अन्नाला तोंड लावीनात. आणि मग फाट्यावरच्या लोकांनी मला जे करून दाखवलं त्याला तोड नाही. ज्यांच्या ज्यांच्या नाड्या आतोबांनी पाहिल्या होत्या, ते सगळे भेटायला आले, आणि रीतीप्रमाणे येताना पाव घेऊन आले. पैलवान आला, त्यानं सात आणले. ड्रायव्हर पुण्याहून थेट बेकरीतले आणून ठेवून गेला, वर म्हणाला, "बाबा, लौकर बरं व्हा, चा प्यायाला मजा न्हाई." आतोबांच्या उशाशी बनपावांची रास लागली. खोलीला बेकरीचा वास यायला लागला. आणि आतोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो. त्यांनी डोळे उघडले, राशीकडे बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "दे त्यातला एक. बुडवून दे."

हा माणूस पाव मागतोय! आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! "मिळणार नाही," मी ओरडलो. "खळ आहे ती! आतड्यांना लागते. माझी भिंत खराब केलीत ती काय उगाच?"

"अरे, पण आता थापणार कोण..." ते म्हणाले आणि थांबले.

"मी आहे ना! गप पडून राहा."

चूल पेटवली. गाडीचा भोंगा झाला, तरी भज्यांची कढई तशीच ठेवली. भजी न घालता नुसतीच पानगी थापायला घेतली. पीठ मला कालवता येईना, पानाबाहेर ओघळायला लागलं. "पाणी जास्त झालं," आतोबा आतून म्हणाले. कसं कळलं, देव जाणे. "आच कमी कर. आता उलट." दोन बोटं भाजली. पान सोललं, वर तूप सोडलं, आणि घास घास करून त्यांच्या तोंडात दिली. आधी नुसतेच ओठ हलले. मग अर्धी गेली. मग सगळी गेली. मी ताटली उचलली, तर त्यांनी डोळे मिटूनच माझं मनगट धरलं.

"आणखी एक आहे का रे?"

दिवाळीला अजून अवकाश होता. "आतोबा," मी म्हटलं, "जिंकलात की हो."

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

त्या तापातून ते उठले आणि पुढे दोन वर्षं त्यांनी मला पुरेसं छळलं. पाटीवर पानगी लागली, खपली कधीच नाही. आता ते नाहीत. भिंतीवरचा तमाशाचा कागद अजून निघत नाही, मी नखानं खरवडून पाहतो आणि सोडून देतो. गाडी अजून माझ्याच दारात लागते, पाव टोपलीनं खपतात. पण कुणी एकटाच म्हातारा येऊन बाकाच्या टोकाला बसला आणि पाव मागितला, की माझं मेलं तोंड आवरत नाही. "घरी कोण आजारी आहे का?" मी विचारतो. कुणी न्हाई, म्हणतो तो. घरी हाय कोण! मग मी पाव परत टोपलीत ठेवतो, त्याला बसायला सांगतो आणि तवा चढवतो. दुसरी मागितली तर तीही देतो.