म्हशीच्या किमतीची लेन्स

हे सांगायला मला लाज वाटती. पन आत ठेवून बी जमंना, म्हनून लिहायला बसले. नववीतनं शाळा सुटली आन दोन वर्सांत लगीन झालं, त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिते.

आमच्या ह्यांचा फोटूचा धंदा हाय. माजलगावच्या अलीकडं फाट्यावर आमचं पत्र्याचं दुकान, मागच्या अंगाला घर. रोजचं काम पासपोर्ट फोटू आन झेरॉक्स, आन लग्नसराईत लग्नाच्या ऑर्डरी. मी लगीन करून आले तवा क्यामेरा कुठून धरायचा ते बी मला ठावं नव्हतं. पन हळदीला, बांगड्या भरताना, वटी भरताना आतल्या घरात बायाच बाया असतात. तिथं गडी मानूस क्यामेरा घिऊन उभा राहिला का म्हाताऱ्या वरडतात, पोरी पदरच सावरीत बसतात, एकीचं बी तोंड नीट येत न्हाई. म्हनून ह्यांनी मला शिकवलं. बाहेरचं, स्टेजवरचं ह्यांनी काढायचं आन आतलं मी. लेकरू झालं तरी मी सोडलं न्हाई. कुन्या तरी बाईच्या मांडीवर त्याला द्यायचं आन काढत राहायचं, रडलं का पदराखाली घ्यायचं, गप झालं का परत उठायचं, अशी माजी सगळी धाप लागल्यावानीच कामं असतात.

आतल्या घराचा एक तरास असतो, अंधार. एक बलब, तो बी कवा हाय कवा न्हाई. फ्ल्याश मारला का हळदीचं तोंड पांढरंफटक होतं, भितीवर काळी सावली पडती, बाया डोळे मिटतात, झोपलेली लेकरं उठतात.

तर मागच्या लग्नसराईत तालुक्याच्या एका फोटूग्राफरनं धंदा बंद केला आन सामान इकायला काढलं. त्याच्यात एक लेन्स होती, लई महागाची. तो ह्यांना म्हनला, आठ दिस वापरून बगा, पटली तर ठेवा. जुनी होती तरी तिची किंमत आयकून मला चक्करच आली. आमच्या आत्याबाईंची, म्हंजी माज्या सासूची, एक म्हस हाय. बाजारात तिचं जेवढं येईल तेवढीच त्या लेन्सची किंमत. दुसरं इकण्यासारखं आमच्याकडं काय न्हाईच.

आत्याबाईंनी ती लेन्स हातात घिऊन उलटीसुलटी केली. मी खाली दोन्ही हात धरून उभी, पडंल म्हनून.

"काय रं हाय ह्याच्यात एवढं?"

"आई, अंधारात दिसतं ह्याच्यातनं."

"अंधारात मांजराला बी दिसतं. मांजर फुकट मिळतंय."

हे हसले. "आगं आई, तसं न्हाई."

"कसं न्हाई? म्हस दोन येळा दूध देती, लेकरू तिच्यावरच वाढलंय. ह्यो काचंचा गोळा काय देतो मला सांग."

मंग ह्यांनी माज्याकडं बगितलं. "आतलं हीच काढती. ही हो म्हनली तर घिऊ, न्हाई म्हनली तर परत. मला तेच्यातलं काय बी म्हनायचं न्हाई."

माज्या जल्मात कुनी माज्यावर असलं काय सोपवलं नव्हतं. साडी बी मला दुसऱ्यानंच घिऊन दिलेली. लई भ्या वाटलं. आन खरं सांगायचं तर, मला ती लेन्स पायजे होती. एवढी जड, एवढी मोठी काच. हातात धरली का मी कुनीतरी हाय असं वाटायचं.

ह्यांनी समजावून सांगितलं होतं. लेन्सच्या आत डोळ्यातल्या बाहुलीवानी एक भोक असतं, ते कमीजास्त उघडता येतं. नंबर जेवढा बारका तेवढं भोक मोठं, तेवढा उजेड आत. आमच्या जुन्या लेन्सचा नंबर चारच्या खाली जात न्हाई. हिचा पार एक पॉइंट दोनवर जायचा. "पन ध्यानात ठेव," हे म्हनले, "एवढं उघडलं का एकच पापुद्रा नीट दिसतो. त्याच्या पुढचं मागचं सगळं इरघळून जातं. दोघी जनी असल्या तर नंबर वाढव, चारवर आन. न्हाई तर एकच येईल." मी हां हां म्हनले. लेकरू वरडत होतं, पन मी आयकलं होतं. आयकलं न्हाई असं मला म्हनता यायचं न्हाई.

तिसऱ्या दिशी शेजारच्या गावात हळद होती. नवरीला बाप न्हाई, चार वर्सामागं वारला. आता आमच्याकडं कशी रीत हाय तुमाला ठावंच हाय, आई असली तरी ती पाटापाशी यायची न्हाई, हळदीला हात लावायची न्हाई. नवरीनं मला कोपऱ्यात वढलं आन कानात म्हनली, "ताई, आईला हितं येऊ देनार न्हाईत. ती त्या दारात उभी राहील. मला हळद लागताना मागं ती दिसंल असा एक फोटू काढा. एकच. बाकीचे न्हाई आले तरी चालतंय."

"काढते की. त्यात काय," मी म्हनले.

हळद सुरू झाली. आई आली, माजघराच्या दारात चौकटीला धरून उभी राहिली. पिस्ता रंगाची साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. पोरीनं तिला बी सांगून ठेवलं असनार. एक म्हातारी म्हनली, "आगं ए, तितंच थांब हां, म्होरं येऊ नको." ती म्हनली, "न्हाई आत्या, हितंच हाय मी," आन तिथंच राहिली.

मी लेन्स पूर्ण उघडली. फ्ल्याश न्हाई, काय न्हाई. नवरीच्या गालावर बलबचा उजेड, पापनीला हळदीचा एक ठिपका. काढला आन मागच्या बारक्या पडद्यावर बगितला. पापनीचा एकएक केस मोजून घ्यावा असा. आन मागं दारातला उजेड आन तो पिस्ता रंग दुधात रंग कालवल्यावानी मऊ होऊन गेलेला. मला वाटलं, असला फोटू मी कवाच काढला न्हाई. मागं जे मऊ झालंय ती तिची आई हाय, हे मला दिसलं. दिसलं न्हाई म्हनले तर ते बी खोटंच व्हईल. दिसलं, आन मी पुढच्या बाईकडं वळले. मला तो फोटू एवढा आवडला का नंबर वाढवून परत काढावा असं वाटलंच न्हाई.

घरी आल्यावर तोच मी मोबाईलवर स्टेटसला ठेवला. भैनी, नंदा, सगळ्यांनी कळवलं, काय भारी, हिरोइनच दिसती. ह्यांनी तो दुकानातल्या पडद्यावर लावला आन येईल त्याला दावला. "आमच्या घरच्यांनी काढलाय," म्हनायचे. मला म्हनले, "मंग? घ्यायची का?"

मी म्हनले, "घिऊ."

 संध्याकाळी आत्याबाईंनी म्हशीला पेंड जरा जास्त घातली, तेवढं मी बगितलं.

पाचव्या दिशी नवरीचा तिच्या सासरहून फोन आला. फोटू तिला पोचले होते.

"ताई, आईचा कुटंय?"

"तो काय, हळदीचा. मागं दारात."

"ती आई हाय व्हय? तिला तोंडच न्हाई ओ."

 माज्या तोंडातनं निघालं, कसं निघालं मला ठावं न्हाई, "आगं, तुजी आई हलली. मानूस हललं का असंच येतंय."

 ती म्हनली, "हां. हलली असंल. तिला सवय न्हाई ना." आन फोन ठेवला.

ह्यांनी इचारलं, कुनाचा गं? मी म्हनले, नवरीचा, फोटू आवडले म्हनती. एकावर दुसरं.  दोनदा सांगायला गेले आन दोनदा परत आले. वाटायचं, लेन्स घेतली, म्हस गेली का मंग कोन इचारतंय. कवा वाटायचं, लेन्सच परत करावी, म्हंजी त्या फोटूचं कुनी नावच काढनार न्हाई. दोन्ही बाजूंनी मी मलाच झाकत होते.

ऐतवारी म्हशीचा व्यापारी आला. तो तिचे दात बगत होता, शेपूट उचलत होता, आत्याबाई कासरा धरून उभ्या, हे भाव सांगत होते. आन तेवढ्यात नवरीची आई आली. फाट्यावर उतरून चालत, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा.

"लेकराला थोड्या आनल्यात," म्हनली. मी पानी दिलं तर पेली न्हाई, तसाच तांब्या हातात. "ताई, माजंच चुकलं बगा. पोरगी म्हनली, आई तू हललीस. मला कुनी कवा फोटूला उभं केलं न्हाई ना. मला वाटलं मी गप हाय. हातावर माशी बसलीती, ती बी मी हाकलली न्हाई. पन हललेच असंन." मंग म्हनली, "पोरगी म्हायेरी येनार हाय चार दिसांनी. तवा आनिक एक काढता का? ह्या बारीला मी अजिबात हलनार न्हाई."

माज्या कडंवर लेकरू होतं. ते सुद्धा खाली ठेवायचं मला सुचंना.

"मावशी, तुमी हलल्या नव्हत्या," मी म्हनले. "मी चुकीचा काढला. मला सांगितलं होतं, तरी मी तसाच काढला. आन तुमच्या पोरीला मी खोटं बोलले."

व्यापाऱ्यासंग बोलता बोलता हे थांबले. "किती नंबरवर काढलास?"

"एक पॉइंट दोन."

पावनी बाई समोर, म्हनून हे वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हनले, "चारवर काढायला सांगितलं होतं ना तुला. फोटूवर रेतीवानी दाना आला असता, जरा अंधार वाटला असता. पन दोघी आल्या असत्या."

"चारवर तर आपल्या जुन्या लेन्सनं बी येतंय," मी म्हनले. ते म्हनल्यावरच माज्या डोक्यात उजेड पडला. मी हळदीला एकट्या बाईचा फोटू कवा काढलाय? नवरी हाय तर तिच्यामागं करवली हाय, चुलती हाय, दारात कोन ना कोन उभंच हाय. लेन्स वाईट न्हाई. जेला एकच तोंड पायजे तेला ती म्हशीच्या दुप्पट पैशानं बी सस्ती. आमच्या आतल्या घरात तिचं काम न्हाई, आन मी तिच्यासाठी हो म्हनले होते ते मला मी मोठी वाटले म्हनून.

"नको घ्यायला," मी म्हनले.

व्यापारी वैतागला. "आवो मालक, म्हस द्यायची का न्हाई? का मी आपलं शेपूट धरूनच ऐतवार काढू?"

"न्हाई द्यायची," आत्याबाईच म्हनल्या, आन कासरा घिऊन गोठ्याकडं वळल्या. माज्याकडं बगितलं सुद्धा न्हाई.

नवरीच्या आईनं तांब्या खाली ठेवला. लेन्सचं, नंबराचं तिला काय बी कळलं नसंल. तिनं एकच इचारलं, "म्हंजी मी हलले नव्हते."

"न्हाई मावशी."

"मंग तेवढं पोरीला सांगा. दोन दिस झाले ती माज्यासंग नीट बोलंना. म्हनती, तुला एवढं एकच काम सांगितलं होतं."

एवढं मला कुठं ठावं होतं. आईला हळदीपासून सगळ्यांनी लांब ठेवलं, आन एक पोरगी तिच्या बाजूची होती, तिला बी मी लांब केलं.

मी तिच्यासमोरच फोन लावला. ह्यांनी लेकरू माज्याकडून घेतलं. नवरीनं उचलला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, नंबर, पापनी, खोटं, सगळं.  मंग ती म्हनली, "आता हळद परत लागती का, ताई?"  आन लगेच म्हनली, "आईला द्या."

मी फोन मावशीच्या हातात दिला आन शटरच्या बाहेर जाऊन उभी राहिले. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, तरी आतलं आयकू येतच होतं. मावशी पोरीला म्हनत होती, "असू दे गं. रागं भरू नको तिला. लेकरू लई बारकंय तिचं, तिचं ध्यान कुटं असनार."

हळदीत तो फोटू काढला तवा माजं लेकरू तर गप झोपलं होतं एका बाईच्या मांडीवर. ते बी सांगायला मी आत जायला पायजे होतं. मी गेले न्हाई.