चेकरसाहेब आणि परग्रहावरील सहा मूर्ती

कोणतीही वस्तू हाती आली की चेकरसाहेब ती आधी उलटी करून पाहत. पहिल्याच भेटीत मी त्यांना मोठ्या कौतुकाने आमच्या देवघरातील वडिलोपार्जित घंटा दाखवली. तिच्या माथ्यावरील गरुडाकडे दृष्टीही न टाकता त्यांनी ती पालथी केली, आत बोट फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, लोलक एकाच बाजूनं घासून राह्यला. उजव्या अंगालाच जोर देता काय जी?" मला राग यायला हवा होता. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीच्या पूजेत मी ती डाव्या अंगाने वाजवून पाहिली.

जबलपूरच्या कांचघर भागात आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. मी संस्कृतचा निवृत्त अध्यापक. ते संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात दारूगोळ्याच्या सुट्या भागांची तपासणी करीत, म्हणून सारी वस्ती त्यांना चेकरसाहेब म्हणे. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तथागतांची प्रसन्न मूर्ती होती, आणि तिच्या शेजारच्या काचेच्या कपाटात परग्रहावरची सारी प्रजा उभी होती: शिरस्त्राण घातलेले अंतराळवीर, तांबड्या डोळ्यांचे यंत्रमानव, शेपट्यांचे सेनापती. विदेशी विज्ञानकथांतील या वीतभर उंचीच्या मूर्ती जमविण्याचा छंद मुळात त्यांची लेक सुजाता हिचा. नोकरीसाठी ती हैदराबादला गेली आणि कपाट मागे राहिले. निवृत्तीनंतर चेकरसाहेबांनी त्यावरची धूळ पुसायला घेतली आणि पुसता पुसता ते तपासू लागले. पुढे नव्या मूर्तीही येऊ लागल्या. त्यांचे परीक्षण ते मोबाइलसमोर हिंदीतून करीत आणि इंटरनेटवरील आपल्या चॅनेलवर टाकीत. ते पाहणारी मंडळी पार इंदूर-लखनौपर्यंत होती.

या परीक्षणाला विधीचे गांभीर्य असे. हात धुऊन, पुसून, मेजावर पांढरी चादर अंथरल्याशिवाय ते खोके उघडत नसत. माझ्याकडे दिवा धरण्याचे काम असे. मूर्ती बाहेर आली की मुख पाहण्याआधी ते तिचा हात वर करून काख पाहत. मी एकदा कारण विचारले. "समोरून तर सगळेच साजरे दिसतात, गुरुजी. काखेत रंग देता देता रंगारी कंटाळते. तिथं समजते माल कसा हाये तं." एखाद्या कंपनीची फार निंदा झाली असे मला वाटले आणि मी तसे सुचवले, तर त्यांचा चेहरा एकदम कारखान्यातला झाला. "दोष दिसला तं सांगायचा. आमच्या इथं कोणी लपवला, तं तो पुढच्याच्या हातात फुटते."

स्वस्थ बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. "बसा हो," म्हटले तर उभ्या उभ्याच "बसूनच तं हावो" असे उत्तर येई. नव्या संचाची घोषणा झाली की त्यांची ओसरीतली येरझार सुरू होई. कुरिअरचा पोरगा कोपऱ्यावर दिसला की हे फाटकात, आणि तो पुढच्या घरी गेला की हे जणू त्याच्यावरच रुसून पुन्हा आत. पुढे पुढे ही अस्वस्थता पाहवत नसे; कारण तेव्हा वाट केवळ मूर्तींची नव्हती.

त्यांच्या घशाला गाठ झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल, वाणी जाईल. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. सहा मूर्तींचा नवा संच, त्यांच्या भाषेत 'असॉर्टमेंट', मात्र वाटेत कुठेतरी अडकून पडला होता. जाण्याआधी एवढे एक परीक्षण आपल्या आवाजात व्हावे, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, इच्छा वेगळी होती. "सुजातासाठी दोन शब्द बोलून ठेवा," असे त्या रोज म्हणत आणि हे रोज टाळीत. त्यांच्या घरी आईबाप मराठीत बोलत आणि सुजाता हिंदीत उत्तर देई. तिला सारे समजे, पण जीभ वळत नसे.

"काय बोलू? भाषण देऊ काय पोरीले?"

"त्या प्लास्टिकच्या माणसांसाठी गळा हाये तुमच्याजवळ. पोटच्या पोरीसाठीच नाही!"

मी मध्ये पडलो नाही. आपल्या वाणीचे अखेरचे शब्द कोणाला द्यावेत, हे दुसऱ्याने सांगण्याजोगे नसते.

नागपूरला निघण्याच्या आदल्या दुपारी खोके आले. चादर अंथरली गेली. मी दिवा धरला, वहिनी पाण्याचा पेला घेऊन मोबाइलच्या मागे उभ्या राहिल्या. आवाज घोगरा होता, तरी आरंभ नेहमीचाच झाला. "नमस्कार दोस्तों, नया असॉर्टमेंट आ गया है." पहिल्या तीन मूर्ती निर्विघ्न पार पडल्या. चौथा चार हातांचा परग्रहवासी होता. "अब देखिए, इसके चारों हाथ..." एवढे बोलून त्यांना ठसका लागला. तो थांबेना. वहिनी पुढे झाल्या. "घ्या, हळूच प्या. घाई नका करू."

त्यांनी दोन घोट घेतले, परग्रहवासी पुन्हा उचलला आणि म्हणाले, "हां, तं याचे चारही कोपर बराबर वळून राह्यले."

मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

चेकरसाहेबांना काही कळले नव्हते. ते मराठीतच पुढे गेले. पाचवा यंत्रमानव झाला. सहावी मूर्ती यान दुरुस्त करणाऱ्या एका स्त्रीची होती, हातात पाना असलेली. काख पाहिली, रंग वाखाणला, आणि गुडघा वाकवताना ते थबकले. "हा अडकून राह्यला. जोर नको लावू. कोमट पाण्यात धर थोडा वेळ, मऊ होते. जोर लावला का तुटते. आपल्याले कुठं पळायचं हाये? तुटलं काही, तं मले सांग. मी हावो."

आजवर त्यांच्या परीक्षणात 'आप' आणि 'दोस्तों' याखेरीज संबोधन नसे. या वाक्यांत 'आप'चे 'तू' झाले होते. वहिनींनी पदर तोंडाला लावला. माझ्या हातातला दिवा हलला आणि साहेब खेकसले, "गुरुजी, उजेड!"

चित्रण थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आले. "अरे, मी तं मराठीतच बोलून बसलो! दोस्त लोक काय समजतील? चला, पुन्हा करू." ते उठले, फेऱ्या मारू लागले, पुन्हा चादर सारखी करू लागले; परंतु घशातून आता केवळ वारा येत होता.

"एक शब्द नाही," वहिनी म्हणाल्या आणि मोबाइल कमरेला खोचून आत गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी ते चित्रण हैदराबादला पाठवले.

शस्त्रक्रियेसाठी सुजाता परस्पर नागपूरला आली आणि पुढे त्यांना घेऊन जबलपूरला. त्यानंतर चेकरसाहेब जेमतेम वर्षभर राहिले. त्या वर्षातली एक दुपार माझ्या मनातून जात नाही. मी समाचाराला गेलो होतो. ते उशीला टेकून बसले होते, गळ्याभोवती पांढरी पट्टी. खाली सतरंजीवर सुजाता वाडग्यात कोमट पाणी घेऊन, त्या पानावालीचा गुडघा पाण्यात धरून बसली होती. तिने मान वर केली आणि अडखळत म्हणाली, "बाबा, पाणी थंडा झाला. अजून गरम करू काय?"

तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य. परंतु माझा जन्म विद्यार्थ्यांची लिंगे आणि वचने सुधारण्यात गेलेला; 'पाणी' या नपुंसकलिंगी शब्दाची ती दशा ऐकून माझे ओठ आपोआप उघडले. "पाणी थंड झा..."

चेकरसाहेबांनी झुकून माझ्या तोंडावर हात ठेवला. दुबळा हात होता तो, पण त्यांनी तो घट्ट दाबून धरला. त्याला औषधाचा वास येत होता. त्यांचे डोळे मात्र लेकीवरून हलले नव्हते.

सुजाता बोलत राहिली, आणि चुकत राहिली.