अंगावरच्या दुधाचं निमित्त

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं, तिला तर नाहीच.

मनाली सहा महिन्यांची असताना माझा डावा पाय बधिर झाला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, म्हणजे मज्जातंतूंचा आजार. एक दिवसाआड इंजेक्शन, आपलं आपणच टोचायचं. बाळ अंगावर पितंय, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "दुधात फार उतरत नसावं, पण खात्री देता येत नाही. तुम्ही तिला वरचं सुरू करा आणि औषध घ्या. थांबू नका."

नवरा बाहेर रांगेत होता. त्याला मी सांगितलं, "पाजतेय तोवर औषध चालणार नाही म्हणाल्या." इतकं सहज बोलले, की माझं मलाच खरं वाटलं.

का? सुईची भीती? होती. पण खरं सांगू — ती इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची होती. आम्ही राहायचो तिथे, आचोळ्याला, आख्ख्या मजल्यावर फ्रिज एकटा आमचा. कुणाचं इडलीचं पीठ, कुणाची कोळंबी. दार दिवसभर उघडझाप. "हे गं कसलं?" एकीने विचारलं असतं, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं. तरणीताठी बाई आणि अधू होणार! मला त्या नजरा नको होत्या. बस, एवढ्यासाठी.

मग पाजतच राहिले. वर्ष झालं, दोन झाली. पोरगी पळत येऊन पदर ओढायची, शेजारणी हसायच्या. पण थांबणार कशी? थांबले तर औषध आलंच. तिला नको असतानाही मी तिला जवळ ओढायचे — हे लिहायलाही लाज वाटते. तिला तिसरं लागलं आणि एका सकाळी पाय उचललाच गेला नाही. नंतर सगळी इंजेक्शनं घेतली. पाय काही परत आला नाही.

लेकीच्या दुधासाठी हिने औषध घेतलं नाही, असं नवरा येईल त्याला कौतुकाने सांगतो. मी खाली मान घालून ऐकते. खोडून काढायचं तरी कुठून?

मनाली आता सातवीत आहे. परवा तिने शाळेच्या सहलीचा कागद माझ्या सहीशिवायच दप्तरात घातला. का गं, मी विचारलं.

"मी गेले तर तुला कोण धरणार? माझ्यामुळेच गेला ना तुझा पाय?"

तिने खांदा पुढे केला. मी त्यावर हात टेकला आणि उठले.