गान्चो मिस्त्रीचा दोषाचा रकाना

आमच्या दोब्रुजा प्रांतात सूर्यफुलं एवढी, की औषध मारायला विमानच लागतं. शेती मंडळाला १९६४ साली तसलं एक विमान मिळालं, नाव आनुष्का. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, पोट सुटलेलं, आवाज गावभर. तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या: एक जाड वही आणि गान्चो मिस्त्री.

वहीत तारीख, बिघाड, दुरुस्ती असे छापील रकाने होते. गान्चोनं पट्टीनं आखून आणखी एक वाढवला: दोष कुणाचा. बिघाड होत नसतो, कुणीतरी तो करतं, असं त्याचं ठाम मत. ‘पंखाच्या कापडाला गारांनी भोकं. दोष: आभाळाचा.’ ‘चाकाखाली कोंबडी. दोष: कोंबडीचा.’ ‘आपटून उतरवलं, मागचं चाक वाकलं. दोष: वैमानिक कामेनचा. काल साखरपुडा होता.’ तो कामेन मी. हे पान माझ्या सासऱ्यांनाही कुणीतरी दाखवलं, आणि कुणी ते मला ठाऊक आहे.

वहीच्या शेवटी ‘अपघात’ असं एक पान होतं. ते कोरं. सत्तावीस वर्षं कोरं. पाहुणा आला की गान्चो ते उघडून दाखवायचा, आणि पाहुण्याला त्यात काही दिसेना की खूश व्हायचा.

एवढं करून हा गृहस्थ आनुष्कात बसून एकदाही उडाला नाही.

मी म्हणायचो, “मिस्त्री, विमान ठीक आहे म्हणून वहीत सही करता, मग बसत का नाही? स्वतःच्या सहीवर भरवसा नाही?”

“खाली कुणीतरी माणूस लागतो, पोरा. सगळेच वर गेले तर कसं व्हायचं?”

“घाबरता म्हणा की सरळ!”

“घाबरतो. तू चालवतोस म्हटल्यावर शहाणा माणूस घाबरणारच.”

पेट्रोलच्या टाकीला हवा लागते, ती एका नळीतून जाते. नळी बुजली तर भरल्या टाकीशेजारी इंजिन उपाशी मरतं. गांधीलमाश्यांना घर करायला नेमकी हीच नळी आवडायची. म्हणून विमान उभं असताना नळीत घालायला गान्चोनं लाकडाचं बूच तासलं होतं. त्याची बायको, आमच्या वेलिकावहिनी, दर मार्चला बुचाला नवा लाल-पांढरा दोरा बांधायच्या, वसंताचा शकुन म्हणून आम्ही मनगटाला बांधतो तसाच. उडायच्या आधी गान्चो बूच उपसून खिशात टाकायचा आणि हात उंच करायचा, मी हात हलवायचो आणि निघायचो. नळी वैमानिकानंही बघायची असते. मी वीस वर्षं फक्त हात बघितला.

एक्क्याण्णव साली मंडळ मोडलं. समुद्राकाठच्या शहरातल्या संग्रहालयानं आनुष्का मागितली, आणि वहीसुद्धा. वही काचेखाली ठेवू, कोरं पान उघडं ठेवून, असं त्यांनी कळवलं. गान्चो ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरत होता.

मी पिच्छाच पुरवला. “आता तरी बसा. नाही बसलात तर गावभर सांगेन.”

“गावाला माहीत आहे,” तो म्हणाला.

शेवटी वेलिकावहिनीच म्हणाल्या, “जा हो! माझ्यापेक्षा तिची काळजी जास्त केलीत. निदान सासरी तरी पोचवून या.”

तर स्वारी लग्नातला कोट घालून आली, काखेत भरतकामाच्या रुमालात गुंडाळलेली वही. निरोपाला अख्खा गाव जमला होता. पाव, पनीर, बाटल्या फिरत होत्या. मी थेंबही घेतला नाही, हे इथेच सांगून ठेवतो. मी इंजिन सुरू केलं, काचेतून पाहिलं. शंभर हात वर झालेले होते. मी हात हलवला आणि निघालो.

बाराव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

“मिस्त्री, हे काय?”

गान्चोचा हात कोटाच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

“पोरा,” तो म्हणाला, “बूच.”

आनुष्का दगडासारखी पडत नाही. गुडघे दुखणारी बाई चौरंगावर बसते तशी हळूहळू खाली आली, पण सूर्यफुलांत पाण्याचा एक पाट होता. चाक त्यात गेलं, ती नाकावर उलटली आणि मधोमध मोडली. माझं गळ्याखालचं हाड मोडलं, त्याचा पुढचा दात गेला. वही शाबूत.

आम्ही बांधावर बसलो. नळीत बूच तसंच होतं, दोरा वाऱ्यावर हलत होता.

“काढून फेका ते,” मी म्हणालो. “चौकशीवाले येतील. इंजिन म्हातारं होतं म्हणून सांगू. दोष तिचा. ती काय बोलणार आहे?”

गान्चोनं मोडलेल्या आनुष्काकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“सत्तावीस वर्षांत तिनं माझी सही खोटी पाडली नाही,” तो म्हणाला. “पेन दे.”

“मग माझंही नाव लिहा. बघायचं काम माझंही होतं.”

“लिहितो ना. तुझं तर आधी लिहितो.”

त्यानं कोरं पान उघडलं, रकाना आखला आणि भराभर लिहिलं: ‘दोष: वैमानिक कामेनचा. नळी पाहिली नाही.’ मग थांबला. दुसऱ्या ओळीला त्याला फार वेळ लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाचली.

‘दोष: मिस्त्री गान्चोचा. खाली माणूस लागतो हे माहीत असून वर गेला.’