इलिंकाची कंबर आणि कलम चौदा

आमच्या सोरोका गावच्या बाजारात परास्किवा मावशीचं शिवणाचं दुकान माझ्या चपलांच्या दुकानाला लागून आहे. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण सगळं गाव मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणतो. मधली भिंत पातळ आणि मावशीला माप मोठ्यानं सांगायची सवय, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरा मला न विचारता पाठ आहेत.

उपाशी माणसाचं माप मावशी घेत नाही. आधी चीज भरलेली गरम प्लाचिंता खायला घालते, मग टेप काढते. "रिकाम्या पोटाचं माप खोटं," म्हणते. लग्नाआधी महिनाभर काकडीवर जगणाऱ्या नवऱ्या तिच्याकडे रडत रडत खातात. ऐन लग्नात एकीचंही बटण तुटलेलं नाही. कायद्यातलं मात्र मावशीला ओ की ठो कळत नाही. विजेचं बिलसुद्धा मीच वाचून दाखवतो.

पावाच्या कारखान्यातल्या झाम्फिराची मुलगी इलिंका तेव्हा सतरा वर्षांची होती. राजधानीतल्या, किशिनाऊच्या एका एजंटनं तिला बसथांब्यावर हेरलं. मॉडेल म्हणून मिलानला न्यायची होती. करार आठ पानी होता. झाम्फिरा शहाणी बाई, तिनं तो नोटरीला दाखवला. नोटरीनं चष्मा पुसला, शिक्के मोजले आणि ठीक आहे म्हणाला. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. आदल्या दुपारी दोघी मायलेकी शाळेच्या निरोपाच्या नाचासाठी झगा शिवायला टाकायला आल्या.

"माप नको घ्यायला, मावशी. करारातच छापलंय. नव्वद, साठ, नव्वद," झाम्फिरा म्हणाली.

"मग झगाही कागदाचाच शिवू का? खा गं पोरी."

इलिंकानं दोन खाल्ल्या. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "कंबर बासष्ट."

"साठ," झाम्फिरा म्हणाली.

"बासष्ट."

"त्यानंही बासष्टच मोजली होती," इलिंका म्हणाली. "पण साठ लिहिलं. हसला, म्हणाला, माझ्याकडून भेट समज."

आपली कंबर कमी लिहिली म्हणून तक्रार करणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. मावशीला मात्र फुकटच्या भेटी पचत नाहीत. तिनं भिंत ठोकली. "अरे तोआदर, चष्मा घेऊन ये! या कागदात कमरेचं काय लिहिलंय बघ."

ते कलम चौदामध्ये सापडलं. लिहिलेल्या मापापेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त भरलं, तर एजन्सी त्याच दिवशी करार मोडू शकते. मग विमानाचं तिकीट, खोलीचं भाडं, फोटो, सगळा खर्च मुलीच्या डोक्यावर. मी पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचूनही तेच निघालं.

"म्हणजे सही केली की पोरगी तिथेच चुकली," मावशी म्हणाली. "त्यांना नकोशी होईल त्या दिवशी टेप काढतील."

"मी बारीक होईन," इलिंका म्हणाली.

"हो. पण टेप त्यांच्याच हातात राहील."

दुसऱ्या दिवशी झाम्फिरानं एजंटला मावशीच्या दुकानातच बोलावलं. मार्चेल नाव, बूट महागाचे, टाचा झिजलेल्या. मावशीचं मागणं एकच होतं. साठ खोडा, बासष्ट लिहा.

"अहो, ही नुसती रीत आहे," तो गोड हसून म्हणाला. "कोणी मोजत नाही हो."

"मोजत नाहीत ना? मग बासष्ट लिहायला तुमच्या बापाचं काय जातंय?"

त्यानं प्लाचिंता संपवली, बोटं पुसली. दोनशे मुली रांगेत आहेत म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. इलिंका किंचाळली, "मी करते सही! कंबर माझी आहे!" पण ती अठराची नव्हती, सही आईची लागत होती. झाम्फिरानं कागद मार्चेलपुढे सरकवला. मग म्हणाली, "बासष्ट लिहा."

मार्चेलनं कागद पिशवीत घातले, खाण्याबद्दल आभार मानले आणि चारच्या बसनं गेला.

झगा अंगासरसा बसला. इलिंका त्यात नाचली, पण मावशीशी बोलली नाही. याला तीन वर्षं झाली. आता ती औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसते आणि मावशी दिसली की रस्ता ओलांडते. मला याचा भयंकर राग येतो. परवा न राहवून मी मावशीला म्हणालो, "तू तिला खड्ड्यात पडू दिलं नाहीस, आणि ती तोंड फिरवते!"

मावशी सुईत दोरा ओवत होती. "तिला वाटतं, मला बासष्ट म्हणताना काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "तू कलम वाचून गेलास ना, त्यानंतर मी तिला पडद्यामागं नेऊन पुन्हा मोजली. तीनदा. शेवटी तर टेप ओढूनही बघितली, तोआदर. एकसष्ट भरली असती, तर मी तोंड शिवून बसले असते."