सोपानदादाचा आवाज शेवटी ठेवला

रविवार, सकाळी साडेदहा, घोडेगाव. हजर: सोपानदादाची बायको शालनवहिनी, कॅमेरा सांभाळणारा रमेश, आमच्या सिनेमातल्या बास्केटबॉल टीमचे पाचही गडी आणि मी. दादाला जाऊन पाच आठवडे झाले होते. सिनेमा त्यानेच लिहिलेला, त्यानेच दिग्दर्शित केलेला, आणि त्यातला कोचही तोच. त्या कोचला आता आवाज कोणाचा द्यायचा, एवढाच विषय होता.

दादा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान त्याच्या शेजारी. त्यामुळे पटकथा टाइप करायला माझ्याकडे आली आणि मागोमाग वेळापत्रक, कपडे, जेवणाचे डबे असं सगळंच आलं. गोष्ट साधी होती. मेंढरं राखणाऱ्या वस्तीवरचे पाच गडी तालुक्याच्या बास्केटबॉल स्पर्धेत उतरतात आणि एकामागून एक सामने हरतात. दादा स्वतः अशाच वस्तीतला. त्याच्या भावाकडे अजून मेंढरं आहेत. खेळाडू आम्ही खरे घेतले, पण ते निघाले कबड्डीचे. पेठच्या मैदानावर पहिल्याच सरावात त्यांच्यातला पांडू चेंडू घेऊन पळाला, तर समोरच्या दोघांनी त्याचा घोटा धरून त्याला आडवा केला आणि वर बसले. चेंडू केव्हाच कुंपणापलीकडे गेला होता, तरी पांडू इमानाने मधल्या रेषेकडे हात लांबवत राहिला. शिकवायला आलेले क्रीडाशिक्षक शिट्टी फुंकून लाल झाले.

"अहो, अंगाला हात लावायचा नाही!"

"मग त्याला धरायचा कसा, सर?"

दादा पोट धरून खाली बसला. "ताई, ह्ये लिहून घे. मला सात जन्मात सुचलं नसतं." त्या दिवसापासून पटकथा निम्मी बदलली आणि माझं टायपिंग दुप्पट झालं.

वस्तीवर केलेल्या चित्रीकरणात मेंढरांच्या ओरडण्यापुढे संवाद नीट ऐकू येईनात. म्हणून सगळ्यांचे आवाज पुण्यातल्या स्टुडिओत पुन्हा भरायचं ठरलं. क्रम मी लावला. पांडू पारगावला कारखान्याचा ऊस वाहतो, त्याचा हंगाम तोंडावर, म्हणून तो पहिला. मग बाकीचे, ज्याच्या त्याच्या सवडीने. दादा रोज भिंतीपलीकडे असणारा माणूस... त्याचं नाव शेवटी.

"मला टाक गं कुठंबी," तो म्हणाला. "मी काय पळून चाललोय व्हय?"

बुधवारी त्याची पाळी होती. सोमवारी सकाळी चहा पिता पिता तो गेला. यादी मी केली होती, हे इथे लिहायलाच हवं.

रविवारच्या बैठकीत रमेशने मंचरच्या एका नकलाकाराचा नमुना ऐकवला. आवाज इतका जुळत होता की पांडूने मान खाली घातली. वहिनींनी दोनदा ऐकला.

"आवाज त्येंचाच हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो मानूस थांबत न्हाई. ह्येंचं निम्मं बोलणं थांबण्यातच व्हतं."

खरं होतं. दादा वाक्याच्या मधे थांबायचा... समोरच्याला वाटायचं संपलं, आणि मग खरी गोष्ट यायची. नकलाकाराला नको म्हणायचं ठरलं. कोचचे संवाद चित्रीकरणात रेकॉर्ड झालेले, मेंढरांसकट, तसेच ठेवायचे. "लोकं हसली मेंढरांला तर हसू द्या," वहिनी म्हणाल्या. "शिनेमा हसायचाच हाय ना?"

राहिलं शेवटचं दृश्य. शेवटच्या सामन्याआधी कोच पाचही जणांना जवळ घेऊन काहीतरी सांगतो. कॅमेरा लांब होता, वारा जोरात, आणि ऐकू एक शब्द येत नाही. पटकथेतलं भाषण माझ्याकडे आहे, पण पडद्यावरचे ओठ ते भाषण बोलत नाहीत. मी पाचही जणांना विचारलं. एकाच्या आठवणीत तो म्हणाला होता, बुटाची नाडी बांध. दुसऱ्याच्या आठवणीत, जेवण आलंय, लवकर हरा. दोघांना काहीच आठवेना. शेवटी पांडू म्हणाला,

"ताई, त्यो बोललाच न्हाई राव. नुसतं व्हट हलवत व्हता. म्हनला, आवाज नंतर भरायचाच हाय, तवा सांगतो."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

रमेशने त्या जागी नुसता वारा ठेवून बाकी सिनेमा जोडून आणला आहे. दोन दिवसांआड त्याचा फोन येतो, "ताई, फायनल करू का?" काम एका शब्दाचं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.