पाचवी ‘ब’चा वर्ग

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी पाचवी ‘ब’ला अपूर्णांक शिकवत होते. वर्गात मोबाईल चालणार नाही, हा नियम मीच मुलांना दहादा ऐकवलेला. पण त्या आठवड्यात तो टेबलावर डोळ्यांसमोरच असायचा. दिनू गेला होता... माझा धाकटा भाऊ, जेमतेम पंचेचाळिशीचा. लिव्हर कधीचंच खराब झालं होतं. मी फळा पुसला, मुलांना गप्प बसायला सांगितलं आणि निघाले. फळा का पुसला, कोण जाणे. त्याला आता दीड महिना झाला. या वर्गाचं आणि दिनूचं काय नातं होतं, ते मी अजून घरातही बोललेले नाही, म्हणून इथे लिहितेय.

दिनू इलेक्ट्रिशियन होता. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्याचा हात न लागलेला पंखा सापडायचा नाही. काम करताना घरमालकांच्या नकला करायचा, त्यामुळे बायका बिघाड नसतानाही त्याला बोलवायच्या. पण दारूनं आधी त्याचा संसार मोडला, मग कामं तुटली, आणि तो माझ्याकडे राहायला आला. एकदा स्वयंपाकघरातला स्विच बसवताना त्याला स्क्रू धरता येईना. हात लटलट कापत होते. त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “ताई, नाय गो जमत. ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात ना, बघ ना त्यांचं कायतरी.” बाबांच्या मालवणीतला ‘गो’ तो फक्त माझ्याशी वापरायचा. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्या विनवण्या केल्या होत्या, आणि आता तो स्वतःहून मागत होता.

मी फोन करून चौकशी केली. पलीकडचे गृहस्थ फार गोड बोलले. म्हणाले, तुमच्या जवळच आहे की, दर गुरुवारी संध्याकाळी... आणि त्यांनी आमच्याच शाळेचं नाव घेतलं. पहिला मजला, पाचवी ‘ब’. शुक्रवारी माझे बाक वाकडेतिकडे का असतात आणि वर्गाला चहाचा वास का येतो, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मी नुसती शिपायावर करवादत होते.

त्या क्षणी मला दिनू दिसला नाही, खरं सांगते. मला स्टाफरूम दिसली. गेटवर उभे असलेले पालक दिसले. बाईंचा भाऊ! घरी येऊन मी त्याला म्हटलं, “इथे जवळपास काहीच नाही रे. बोरिवलीला आहे एक, गुरुवारची.” खोटं बोललं म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभं करणारी बाई मी.

दिनू गेला बोरिवलीला. दर गुरुवारी बसनं, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास. येताना तिथल्या बाजारातून माझ्यासाठी सुकट आणायचा. मी कधी अपराध्यासारखी विचारायचे, “दमलास का रे?” तर म्हणायचा, “छ्या! बरं झालं लांबची शोधलीस. बसमध्ये झकास झोप होते.” दहा महिने त्यानं दारूला हात लावला नाही. परत पंखे दुरुस्त करायला लागला होता.

मग स्टुलावरून पडून त्याचा गुडघा सुजला. “ताई, बस नाय जमायची आता,” तो म्हणाला. गुरुवारच होता. अरे, माझ्याच वर्गात आहे मीटिंग, चल, एवढंच मला बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे दहा महिन्यांचं खोटं कबूल करायचं. मी गरम पाण्याची पिशवी भरली आणि म्हटलं, “मग नको जाऊस. आधी बरा हो.” तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग “हां” म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात घरात परत तो वास आला. पुढचं सगळं पाच महिन्यांत उरकलं.

तेराव्याला बोरिवलीहून त्याच्या मीटिंगमधले एक काका आले. चहाचा कप खाली ठेवून सहज म्हणाले, “आम्ही त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, अरे, तुमच्या मुलुंडच्या शाळेत असते ना मीटिंग, इतक्या लांब का येतोस? तर बोलला, तिथे माझी ताई शिकवते. कोणी बघितलं तर तिची वाट लागेल.”

म्हणजे त्याला माहीत होतं! बसमधली झोप माझ्यासाठी होती. आणि त्या दिवशी माझ्याकडे बघत तो कशाची वाट बघत होता, तेही आता मला कळतं. मी चल म्हटलं असतं तर लंगडत आला असता. मी माझं नाव सांभाळत बसले, आणि तोही तेच सांभाळत राहिला. याची लाज मला जन्मभर पुरेल.

आता गुरुवारी शाळा सुटली की मी थांबते. बाक स्वतः सरकवते आणि माझी खुर्ची दाराजवळ ठेवते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मुलांच्या बाकावर बसवत नाही. माणसं यायच्या आत निघून जाते; आत बसायचं धाडस अजून झालेलं नाही. गेल्या गुरुवारी जिना उतरत होते, तर एक गृहस्थ खाली घुटमळत होते. गेटवर दोन-तीन पालक उभे होते, त्यांच्याकडे पाठ करून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “मॅडम, इथे ती... मीटिंग असते ना?”

“असते ना,” मी पालकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. “माझ्याच वर्गात असते. चला.”

एवढंच तर बोलायचं होतं.